बाबांची बोट

दीव, ६ डिसेंबर २०२५

ती. बाबाजीकाकांना सुविधाचा नमस्कार.

मी आणि आई सुखरूप आहोत. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून तुमच्या सिद्धेशच्या मोबाइलवर पाठवते. इथली हवा आपल्या गावाजवळच्या चोपड्याच्या खाडीसारखीच खारट. पाव मिळतो, पण दारावर येणाऱ्या आपल्या पोदेराच्या गोल उंड्याची सर नाही. आई जेवते. बरी आहे.

शंखांचं संग्रहालय पाहिलं. आई बाहेर बाकावरच बसून राहिली. मग बाबांच्या बोटीच्या स्मारकावर गेलो. काचेत बोटीची प्रतिकृती, पुढे नुसता समुद्र. आईने हात जोडले नाहीत. "हो देव न्हय," म्हणाली.

आम्ही निघताना तुम्ही म्हणाला होतात, "वैनीक थंय व्हरू नाका." तिला इकडे का आणायचं नव्हतं, ते इथे कळलं.

एकाहत्तरच्या लढाईत बाबांची बोट बुडाली तेव्हा मी आईच्या पोटात होते. "माझा दादा पट्टीचा पोहणारा, कराचीच्या तुरुंगात असेल, येईल," असं तुम्हीच तिला सांगत आलात. त्या शब्दावर तिने रोज कुंकू लावलं, आणि तुम्ही भावाचे दिवस केले नाहीत.

काल त्याच नावाची नंतरची बोट पाहिली. आता तिचं संग्रहालय केलंय. बाबा इंजिनावर कामाला होते, म्हणून आई हट्टाने खाली उतरली. उभी शिडी, वर माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, तिला लोखंडी झाकण. झाकणावर हात ठेवून आईने विचारलं आणि बोटीची माहिती देणाऱ्या निवृत्त खलाशाला मी ते हिंदीत सांगितलं : बोट बुडताना खालचा माणूस इथून बाहेर येतो का?

त्याने झाकणावरच्या आईच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "माताजी, पानी बहुत तेज़ आता है।"

"म्हणजे येना," आई म्हणाली. "बाबाजीक हें ठावूक आसलें."

खोलीवर येऊन तिने कपाळ पुसलं. काकणं सुजलेल्या हातांतून निघेनात. फोडूया का विचारलं, तर नको म्हणून मान हलवली. शेवटी साबण लावून मीच एकेक काढली. बाबांना मी कधी पाहिलेलं नाही, तरी रडू मलाच आलं. तिला नाही.

तिला तुमचा राग नाही, असं लिहिणार होते. ते खोटं होईल. पण तिचा निरोप आहे : "ताका सांग, दीस तूंच कर. तुजो भाव तो."

मंगळवारी पार्श्याला घरी पोचतो. भटजींना सांगून ठेवा. आणि काका, ती दारात उतरेल तेव्हा तिच्या कपाळाकडे पाहून पाठ फिरवू नका.

तुम्ही बापाच्या मायेने वाढवलेली,
सुविधा