दसऱ्याला पंप थांबला तेव्हा

बाबा,

आईला वाळवंट दाखवून आणलं. तुमचा नातू आखातात नोकरीला आहे, त्यानं हट्टच धरला की आजीला घेऊन ये. भोईवाड्यातून फार तर गावी जाणारी तुमची बायको या वयात विमानात बसली आणि बसल्या बसल्या त्या हवाईसुंदरीला विचारती झाली, "जेवाण कधी देतलंस गो?" दसऱ्याला सकाळी दाराला तोरण बांधून झाल्यावर नातू म्हणाला, चला, पाणपक्षी बघायला जाऊ, तासाभरावर मोठं पाणथळ आहे. आई म्हणाली, "वाळवंटात पाणी खयचा?" खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

पण पाणी होतं, बाबा. सगळीकडे तांबूस माती आणि दगड, आणि मध्येच पुरुषभर उंच लव्हाळी, त्यांच्यातून गेलेली लाकडी वाट, कडेला बदकं आणि लांब पायांचे पांढरे पक्षी. जमिनीतून आपसूक वर येणारं हे पाणी एका मोठ्या शहरानं विहिरी खणून खणून ओढून नेलं. तळं आटलं, लव्हाळी जळाली, पक्षी यायचे थांबले. मग कोणाला तरी लाज वाटली असावी. आता खोल विहिरींतून पंपानं पाणी आणून सोडतात. पूर्वीच्या मानानं हा लहानसा तुकडाच आहे, असं नातू म्हणाला. मी डोळे भरून बघत होते. आईला काही कौतुक नव्हतं. "बदकां काय गावाक कमी हत?" म्हणाली आणि लव्हाळ्यांमागून आवाज येत होता तिकडे चालू लागली. तिथे एक पत्र्याची शेड, आत दोन पंप, त्यांतला एक धडधडत होता. पंप सांभाळणारा माणूस आमचं बोलणं ऐकून हसला आणि चक्क मराठीत म्हणाला, "मुंबईच्या काय? मी रत्नागिरीकडचा."

त्या धडधडीनं मला तुमचा दसरा आठवला. वर्षातून त्या एकाच दिवशी आम्हा बायकापोरांना मिलमध्ये सोडायचे. मी नवा फ्रॉक घालून तुमचं बोट धरून साळखात्यात, तुमच्या विणकामाच्या खात्यात, येते. सगळे माग बंद, पुसून लख्ख, प्रत्येकाला झेंडूची माळ, आणि तुमच्या मागापुढे आई हळदकुंकू वाहते आहे. मशीनलाही वर्षातून एक दिवस विसावा पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. पण स्वतः मात्र कानात बोट घालून हलवत राहायचात. आवाज नसला की कान दुखतात म्हणे. घरीही आमच्याशी ओरडूनच बोलायचात आणि शेजारच्यांना वाटायचं आपल्याकडे रोज भांडण असतं.

खरी भांडणं नंतर झाली, संप लांबत गेला आणि मिल उघडायचं चिन्ह दिसेना तेव्हा. पाळीच्या वेळेला तुम्ही शर्ट घालून निघायचात, बंद गेटापाशी उभे राहायचात आणि पाळी सुटायच्या वेळेला परत यायचात. आई तोवर दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली होती. त्या कामाच्या पहिल्याच महिन्यात तिनं तुमचा डबा भरणं बंद केलं. "गेटार उभ्या रवाक डबो कित्याक?" तुम्ही दुसऱ्या दिवशी डब्याशिवाय गेलात, आणि आजारी पडेपर्यंत जातच राहिलात. तुम्ही गेल्यावरही कोणी तुमचं नाव काढलं की आई म्हणायची, "गेट राखूक गेले." लोक हसायचे. मला मात्र ते फार लागायचं. तिचं चुकत होतं असंही म्हणवत नाही, घर तिनंच ओढलं. पण ती आहे तोवर तिच्या तोंडून तुमच्या त्या उभं राहण्याबद्दल एक बरा शब्द ऐकायचा, एवढीच माझी इच्छा उरली होती.

तर त्या पंपाच्या शेडमध्ये आईनं पिशवीतून तोरणाचे उरलेले झेंडू काढले. तिथल्या तिथे दोऱ्यात ओवले आणि त्या माणसाला म्हणाली, "आज दसरो. मशीन चालू असताना पूजा करूची नसता. जरा इसावो दी तेका." मी ओशाळले. म्हटलं, आई, हे काय आपलं घर आहे का? पण तो गडी कोकणातला. म्हणाला, "मावशी, नाहीतरी हा बंद करून दुसरा चालू करायची वेळ झालीच आहे." आणि त्यानं बटण दाबलं.

धडधड थांबली. पाण्याच्या पाइपातून एक उचकी आल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच नाही. इतकी शांतता मी फक्त दसऱ्याच्या त्या साळखात्यात अनुभवली होती. आईनं माळ घातली. हात जोडायला गेली आणि तशीच थांबली. तिनं एकदम त्या माणसाची बाही धरली. "चालू कर रे, झिला. चालू कर. परत चालू होतलो मा?" "होणार मावशी, भिऊ नका," म्हणत त्यानं दुसरा पंप सुरू केला. तो सुरू होऊन पाणी पडायला लागलं तरी आई तिथून हलेना. नातू बोलवायला आला तर म्हणाली, "तू जा. मी हयच उभी रवतंय."

आम्ही पक्षी बघून आलो तरी ती शेडच्या दारातच उभी. गाडीत बसल्यावर वळून त्या शेडकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डबो तरी भरून देवक होयो होतो मी तेंका." मी रडले, बाबा. ती नाही रडली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि लगेच बजावलं, "तेंका सांगा नको हां. डोक्यार बसतले."

मी हो म्हटलंय तिला. म्हणून हा कागद कुठे जाणार नाही, तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, कारण तो फोटो आई रोज पुसते. पण लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही.