वहिनींच्या टीव्हीसमोर

१९ जाने. ८६, रविवार
आज सुट्टी, म्हणून संध्याकाळी सुजूला आणायला शेजारी कुसुमवहिनींकडे मीच गेले. एरवी टेलिफोन एक्स्चेंजवरून यायला मला नऊ होतात, तोवर वहिनींचे मालक तिला आणून सोडतात. आईला दिवेलागणीनंतर नीट दिसत नाही. म्हणून दिवाळीपासून संध्याकाळची पोरगी वहिनींकडेच असते. खोलीत दिवा नव्हता, नुसता टीव्हीचा उजेड. वहिनी पलंगावर, सुजू मांडीवर पाठमोरी, दोघी काचेकडे बघत. हिंदी बातम्या चाललेल्या. आठ महिन्यांच्या पोरीला काय कळतंय त्यातलं! हाक मारली. मान वळवली नाही. परत मारली. वहिनीच म्हणाल्या, "बघ कशी गुंग होते. रडणं नाही, काही नाही."
रडली असती तर बरं वाटलं असतं मला.

२१ जाने.
वहिनींना कसं सांगायचं? त्यांचा बाळ गेल्या पावसाळ्यात गेला. तीन महिन्यांचा होता. तापाचं निमित्त. दवाखान्यातून रिक्षानं परत आल्या तेव्हा पदराखाली झाकून घेतलेला, गल्लीत आम्हाला वाटलं पाजतायत.
मग त्यांच्या मालकांनी टीव्ही आणला. मन रमेल म्हणून. सुरुवातीला गल्लीतली पोरं जमायची, ती वहिनींनी बंद केली. सुजूला मात्र मागून घेतलं. "तुझी ड्यूटी असते, दे की माझ्याकडं." तेव्हा मला केवढा आधार वाटला होता.

२३ जाने.
सुजूची सर्दी. खडेबाजारात डॉक्टरांकडे नेली. जाता जाता टीव्हीचं विचारलं. ते हसले. म्हणाले, "एवढ्या पोराला टीव्ही कशाला बाई? त्याला माणसाचं तोंड बघू दे. टीव्ही काय उलटून हसतो का त्याच्याकडं?"
वाटभर तेच डोक्यात. घरी येऊन सुजूसमोर बसले, हसून दाखवलं. हसली. पण उशिरा हसली असं वाटलं. की माझ्याच मनाचे खेळ?

२४ जाने.
आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुला निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या ढिगाशेजारी निजवत हुतो. शिंकत शिंकत वाढलीस. टीव्हीनं काय हुतंय?"
थोड्या वेळानं तीच परत, "माझ्या आईला असल्या घरात वट्यावर सुदिक बसू दिलं न्हाय कुणी. आज तसल्याच घरची बाई तुझी लेक मांडीवर मागून घेती. न्हाय म्हनू नगं गं."
भाकरी करपली, तिला दिसली नाही.

२५ जाने., शनि.
आमचे हे, यशवंत, सदलग्याहून आले; तिथं मास्तर आहेत. शाळा सुटल्यावर एस.टी.त उभं राहून. त्यांचं म्हणणं, सरळ सांग, डॉक्टर नको म्हणालेत. त्यांना काय, सोमवारी परत सदलगा.

२७ जाने.
सांगितलं. डॉक्टरांचं नाव पुढं केलं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. "बरं" म्हणाल्या. एवढंच. सूप खाली ठेवलं नाही, वर बघितलं नाही.
पंधरा दिवस ड्यूटी बदलून सकाळची घेतली. पुढचं पुढं.

३० जाने.
भिंतीपलीकडून टीव्हीचा आवाज. रोजच्यापेक्षा मोठा? सुजू ऐकते आणि दाराकडे रांगत सुटते. उचलून आणली की पाठीची कमान करून रडते. आई माझ्याकडे बघत नाही. मी आईकडे बघत नाही.

३ फेब्रु.
दुपारी वहिनी दारात आल्या. बाळ गेल्यापासून आमच्या दारात पहिल्यांदाच. आईनं चहा टाकला. वहिनी बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाल्या, "टीव्ही बंद ठेवते. मग आणशील?"
मी हो म्हणाले. नाही म्हणून कसं चालेल?

४ फेब्रु.
घेऊन गेले. टीव्हीवर फुलांचं कापड टाकलेलं, दिवा लावलेला. वहिनींनी सुजूला मांडीवर घेतली. आज बघायला काही नाही, म्हणून सुजू वळली आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. टक लावून. मग हसली. छान, सगळं तोंड भरून. मी आपली खूश. म्हटलं, बघा वहिनी...
वहिनींनी ती एकदम माझ्याकडे दिली. फेकल्यासारखी. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.
"नको गं. ती अशी बघायला लागली की नाही बघवत मला. तोही असाच... टीव्ही असला म्हणजे बरं असायचं. ती तिकडं बघायची, मी तिकडं. मांडीवर ओझं तेवढं कळायचं."
सुजूला घेऊन घरी आले. आईला सांगितलं तर म्हणाली, "व्हय. तसंच आसंल."

६ फेब्रु.
भिंतीपलीकडे आज काहीच आवाज नाही. त्यांचे मालक अंगणात भेटले. वहिनींना थोडे दिवस माहेरी, उचगावला पाठवावं म्हणतायत. "तुमची पोरगी येत होती तोवर ही दोन घास खात होती," म्हणाले. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.
आमच्या यांना पत्र टाकायला बसले. काय लिहू? डॉक्टर खरं बोलले. वहिनी पण खरंच बोलल्या.

९ फेब्रु., रवि.
मंगळवारपासून ड्यूटी पुन्हा दुपारची.
संध्याकाळी मीच सुजूला घेऊन गेले, न विचारता. म्हटलं, "वहिनी, लावा टीव्ही. बातम्या संपल्या की बंद करू. मी इथंच आहे." त्यांनी लावला. सुजू मांडीवर, पाठमोरी. मी दाराशी. बातम्या संपल्या तसा मी उठून बटण फिरवलं. सुजू काचेकडे बघत राहिली थोडी, मग वळली.
वहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले. सुजूनं वर हात नेला. हनुवटी धरली, नाक धरलं, मग मिटलेल्या पापणीवर बोट ठेवलं. वहिनींच्या गालावरून पाणी आलं, ते तिनं चापटीनं पसरवलं. मी घ्यायला पुढं झाले.
वहिनींनी डोळे उघडले नाहीत. पण पोरगीही दिली नाही.