चौकशीची खिडकी

९ जानेवारी

शेवटच्या प्रकल्पाचा विषय पुन्हा नापास. 'काळ' या कल्पनेवर मी पोस्टरं करणार होते. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण हे कुणाला हवंय?" आता हे ग्राफिक डिझाइनच्या पदव्युत्तर वर्गाला शेवटच्या सत्रात विचारायचं असतं का? पहिल्या दिवशी विचारलं असतं तर मी दुसरं काहीतरी शिकले असते.

सरांना आम्ही 'श्वास सर' म्हणतो. कुठलंही काम दाखवा — "जागेला श्वास घेऊ दे." एकदा एका मुलीकडून चुकून कोराच कागद पुढे गेला, तर म्हणाले, "आता जमतंय तुला."

घरी दादाने तोंडसुख घेतलं. "अक्षरांमधली जागा मोजायला दोन वर्षं, आता विषय शोधायला तिसरं?" आई नेहमीसारखी गप्प. जेवायला बोलावतानासुद्धा ती हाक मारत नाही, चमच्याने पातेलं वाजवते. दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर दिवसभर बोलायचं आणि घरी आलं की मुकं व्हायचं, हा तिचा अलीकडचा शिरस्ता. दादा म्हणतो, सगळे शब्द तिकडे वाटून येते, आपल्या वाट्याला हातवारे.

१० जानेवारी

डबा भरता भरता आई म्हणाली, "आमच्याकडे ये. दवाखान्यात कुणाला काही सापडत नाही. दिवसभर नुसतं डावीकडे-उजवीकडे करते मी. लाव तिथे तुझे बाण."

एका दमात एवढं! दादाने उगाच कॅलेंडरकडे पाहिलं.

सरांना विषय पसंत. दवाखान्यातले दिशादर्शक फलक. म्हणजे दोन वर्षं पोस्टरं काढून शेवटी 'शौचालय इकडे'.

१७ जानेवारी

दिवसभर आईच्या खिडकीपाशी स्टूल टाकून बसले. लोक येतात ते वाक्याच्या मध्यापासूनच सुरू होतात — "आणि सोनोग्राफी?" जणू आधीचं अर्धं घरून निघतानाच बोलून झालंय. आई प्रत्येकाला रस्ता सांगते आणि शेवटी "घाबरू नका" जोडते. एकाने फक्त पिण्याचं पाणी कुठे म्हणून विचारलं. त्यालाही "घाबरू नका". तो बिचारा आता घाबरूनच गेला पाण्याकडे.

मधूनमधून थर्मासमधलं गरम पाणी, तोंडात सतत एक गोळी. पण थाट काय! शिपाई सलाम करतात, बरे होऊन निघालेले पेशंट खास सांगायला येतात. ही बाई या खिडकीसाठीच जन्माला आली आहे. मला घरी दोन शब्द मिळत नाहीत म्हणून थोडा रागही आला, लपवत कशाला.

२ फेब्रुवारी

पहिला नमुना भिंतीवर लावला. फिकट राखाडी बाण, बारीक अक्षरं, भरपूर मोकळी जागा. श्वास सर गहिवरले. आईने लांबून बघून विचारलं, "भिंतीला ओल आली का गं?"

नवीन रंग: गडद निळा. जाड अक्षरं. सरांना दोन दिवस सुतक.

२० फेब्रुवारी

आज जमिनीवरच्या पट्ट्यांची चाचणी. निळी पट्टी धरून चाला, एक्स-रे येतो. साधं सरळ. एक आजोबा मोठ्या शिस्तीने पट्टीवरून पाऊल टाकत निघाले आणि मध्येच एका बाकावर बसले. मी वाट बघतेय, ते बसलेत. शेवटी जाऊन विचारलं तर म्हणाले, "इथेच संपते ना रेघ?"

कुणीतरी बाक सरकवला होता. पट्टी त्याच्या खालून पुढे जात होती. आजोबा शांतपणे एक्स-रेची वाट बघत होते आणि शेजारी बसलेल्या बाईंनाही त्यांनी नंबर दिला होता. मी दोघांची माफी मागितली आणि कानाला खडा लावला: पट्टी भिंतीच्या कडेने.

३ मार्च

अधीक्षक फलक बघायला आले. खूश. म्हणाले, "हे चाललं तर चौकशीवर माणूस हवाच कशाला? बाईंना खाली रेकॉर्डला देऊ." आईच्या समोरच म्हणाले. तिने मान डोलावली.

रेकॉर्ड म्हणजे तळघर. कपाटं, फायली, एक ट्यूबलाइट. बोलायला काळं कुत्रं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझं काम जेवढं चांगलं, तेवढी आई लवकर तळघरात.

४ मार्च

आईला विचारलं, "तुला चालेल?" तिने हातानेच 'होऊ दे' केलं. आया अशाच असतात, मनातलं सांगतील तर शपथ. दादा म्हणाला, "शाब्बास. आईची खुर्ची खाऊन तू पदवी घेणार." मग माझं तोंड बघितलं आणि मुकाट्याने उठून चहा टाकला. साखर विसरला, पण टाकला.

२१ मार्च

फलक लागले. सगळे — औषधांचा आणि रक्ततपासणीचा सोडून. छापून आले नाहीत, असं सगळ्यांना सांगितलंय. दोन्ही माझ्या पलंगाखाली आहेत. सगळ्यांत जास्त विचारणा याच दोनची होते. तेवढ्यावर आईची खिडकी तगून राहील.

सर येऊन बघून गेले. त्या दोन रिकाम्या भिंतींपाशी बराच वेळ थांबले. "इथे मोकळं सोडलंस. वा. श्वास."

२८ मार्च

आई भडकली. तिला शेवटचं भडकलेलं कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

"औषधाचा बाण कुठाय?"

"छापून नाही आला."

"केर काढताना पलंगाखाली काय लागलं मग माझ्या हाताला?"

मी म्हटलं, "अगं, तो लावला तर तुझी खुर्ची जाईल." तर म्हणाली, "जाऊ दे म्हटलं ना, तुला एकदा सांगून—" आणि तिथेच आवाज फाटला. रागाने. मग ताट सरकवून उठून गेली.

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. नाही लावत. परीक्षेच्या दिवशी बघू.

९ एप्रिल

परीक्षा, दवाखान्यातच. सकाळी जाऊन ते दोन्ही फलक लावले, नाइलाज होता. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई दवाखानाभर एकट्या फिरल्या. एक्स-रे, रक्त, औषधं, कुणालाही न विचारता. आणि शेवटी आईच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "परीक्षा कुठल्या खोलीत आहे हो?" त्या खोलीचा फलक करायचा राहिला होता! आईने नुसतं बोट दाखवलं. "घाबरू नका"सुद्धा नाही.

पास झाले. चांगली पास. सरांनी पाठ थोपटली आणि काही सल्ला दिला नाही. त्यांच्या मानाने हे फारच.

अधीक्षकांनी जाहीर केलं, सोमवारपासून चौकशीची खिडकी बंद. आईने लांबून अंगठा वर केला. मी जिन्यात जाऊन रडले.

१२ एप्रिल

फलकांचे फोटो काढायला गेले. हिरवी पट्टी धरून कान-नाक-घसा विभागापर्यंत चालत गेले. पट्टी बरोबर दारापाशी संपते. दाराशेजारच्या बाकावर आई बसली होती. मांडीवर फाइल.

घशात गाठी. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, बोलणं बंद करा, नाहीतर आवाज कायमचा जाईल. तिने बदली मागितली. अधीक्षक म्हणाले, मग लोकांना रस्ता कोण सांगणार? म्हणून ती मला घेऊन आली, आणि माझे बाण लागेपर्यंत बोलत राहिली. त्यातले दोन मी पलंगाखाली ठेवले होते.

परवा ऑपरेशन आहे. नंतर किती आवाज राहील, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

माझ्या हातातला कॅमेरा तिने काढून घेतला. कुजबुजत म्हणाली, "घाबरू नकोस."

मी म्हटलं, "आई, बोलू नकोस."