पाणी कुणाला पोचतं, सुमन?

प्रिय सुमन,

तुला जाऊन वर्ष झालं, काल तुझं पुण्यानुमोदन झालं. पाहुणे गेले, सतरंज्या विहारात परत गेल्या, आणि सकाळपासून मी तुझ्याशी बोलायला जागा शोधतोय. आत्मा नाही असं मानणारी माणसं आपण. मग मी लिहितोय तरी कुणाला? हसू नकोस. हा प्रश्न कालपासून घरात फिरतोय, आणि असले प्रश्न तर सगळे तुझ्या खात्यात यायचे!

समोरच्या खुराना भाभी आठवतात ना? दारातच उलटतपासणी घ्यायच्या. "आप लोग भगवान नहीं मानते, तो मूर्ति के आगे हाथ क्यों जोड़ते हो?" तू कांदा चिरता चिरता म्हणालीस, "भाभी, आप बच्चों की टीचर को नमस्ते करती हो, तो उनसे कुछ मांगती हो क्या?"

"और बुद्ध तो अहिंसा वाले थे. फिर संडे को मटन?"

"उनके कटोरे में जो आया, वो खा लेते थे. हमारे कटोरे में संडे को यही आता है."

आणि थोड्या वेळाने त्याच मटणाची वाटी घेऊन भाभी खुशीत आपल्या घरी!

मीही कमी नव्हतो. फ्रीज-एसी दुरुस्त करत या शहरात पाय रोवले मी, आणि तू डबल डोअर फ्रीज मागितलास तेव्हा म्हणालो, "तृष्णा सोडायची ना आपण?" तर तू म्हणालीस, "माझी सुटलीय हो. पालकाला हवाय." आता त्याच फ्रीजमध्ये पालक पिवळा पडतो. लेक गुडगावला राहते, एकट्याला जुडी संपत नाही, सुमन.

मला कुणी धम्माचं काही विचारलं, की मी म्हणायचो, "सुमनला विचारा." किती सोपं होतं!

काल बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केली आणि जलदानाला तुझ्या आईंनी तांब्या धरला. त्यांच्या खांद्यावर माझा हात, माझ्या खांद्यावर आपल्या लेकीचा, मित्राचा, तिच्यामागे बाकी सगळे. बारीक धार वाटीत पडत होती. वाटी भरली, पाणी ताटात उतरलं. सगळं शांत झाल्यावर भाभींनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "भाई साहब, बुरा मत मानना. आत्मा ही नहीं, तो ये पानी किसको पहुंचा?"

सवयीने मी स्वयंपाकघराकडे बघितलं.

उत्तर मित्राने दिलं, गुडगावच्या ऑफिसातल्या आवाजात. "किसी को नहीं, आंटी. सिम्बॉलिक है."

चुकलं काय तिचं? तूच तर शिकवलंस! पण बिघडायच्या आधी कॉम्प्रेसर ऐकू येणारे हे माझे कान. तुझ्या आई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "मग मी एवढा वेळ कुणाला पाजत होते?"

त्या जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणून ताटावरून उठल्या आणि बाल्कनीत जाऊन बसल्या. मित्रा रडवेली झाली. "बाबा, मी खोटं बोलायला हवं होतं का?"

काय सांगणार होतो? पोचतं म्हणावं, तर श्राद्ध नाही, पिंडदान नाही अशी प्रतिज्ञा घेतलेली. नाही पोचत म्हणावं, तर लेकीसाठी करायचं उरलेलं एकमेव काम त्या माउलीच्या हातून काढून घ्यायचं! सगळ्या गल्लीला उत्तरं दिलीस आणि नेमकं हेच न सांगता गेलीस? का गं?

मी आईंशेजारी बसलो. त्या म्हणाल्या, "जावई, तुम्ही खरं सांगा. पोचतं का?"

"मला माहीत नाही, आई."

"तुम्हालाही नाही माहीत?"

"नाही. पण ओतताना तुमचा खांदा थरथरत होता. तो माझ्या हाताला पोचला. एवढंच मला माहीत आहे."

दारात मित्रा उभी होती. म्हणाली, "आजी, बाबांचा खांदाही हलत होता. मला कळला."

आईंनी डोळे पुसले आणि तिला फटकारलं, "मग त्या बाईला कुणालाच नाही पोचत असं कशाला सांगितलंस? जा, नीट सांगून ये. आणि येताना मला भात वाढून आण."

मित्रा गेली. खरंच गेली, समोरची बेल वाजवून! तिथे काय बोलली, ते माझ्या कानांनाही ऐकू आलं नाही. ती परत आली ती डोळे लाल करून, आणि मागोमाग भाभी. मग आई जेवल्या. भाभी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नाही, पण कुणाचं अडलं नाही.

सुमन, आईंना आता अकोल्याला एकटं राहू देणार नाही. त्या इथेच राहतील. त्यांना जे विचारायचं ते मला विचारतील, आणि मला जेवढं माहीत आहे, तेवढंच मी सांगेन. तू वरून बघतेस, असं त्यांना कधीही सांगणार नाही. आणि तू कुठेच नाहीस, हे मात्र माझ्या तोंडून मागू नकोस. ते मला अजून म्हणता येत नाही.

तुझाच,
अशोक