टोरांटो किती लांब

बुधवार, संध्याकाळ

प्रज्ञाचा अजून फोन नाही. लेक काल पहाटे औंढ्याहून निघाली आणि संध्याकाळी हैदराबादला विमानात बसली. मी मोबाईलवर हैदराबाद ते टोरांटो बघितलं, पंधरा-सोळा तास लिहिलं होतं. हिला छातीठोकपणे सांगून टाकलं, "सकाळी पोचते." भूगोल शिकवतो मी! ते अंतर नकाशावर पट्टी ठेवावी तसं सरळ रेषेतलं. मध्ये विमान बदलायचं, तिथं थांबायचं, ते त्यात कुठलं? हे दुपारी सुचलं. पण मग त्या मधल्या ठिकाणाहून तरी एक मेसेज?

ओसरीवर तिच्या बुटांचे धुळीचे ठसे तसेच आहेत.

माणूस पोचेपर्यंत घर झाडू नये, असं माझी आई म्हणायची. मी हसायचो. वर्गात अजून सांगतो, पोरांनो, असलं काही नसतं. आणि दुपारी ही झाडू घेऊन ओसरीवर आली तर ओरडलो, "राहू दे!"

"काहून?"

"धुळीनं खोकला येऊन राहिला मला."

सकाळपासून मी एकदाही खोकललो नव्हतो. ही माझ्याकडं बघत राहिली, मग झाडू घेऊन आत गेली.

आता वारं सुटलं. ठसे उडतील म्हणून ओसरीवर धावलो. काय करणार होतो, कुणास ठाऊक.

ठशांवर हिनं आधीच टोपलं पालथं घालून ठेवलं होतं.