टाच आणि हात

तीर्थरूप आप्पा,
इथूनच पाया पडतो.

मी बरा आहे. इथे स्पर्धेच्या ठिकाणीही भात मिळतो, आईला सांगा. तुमची पाठ कशी आहे? मार्केटात गोणी उचलताना पट्टा बांधत जा.

फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहून फोटो पाठवतोय.

सुमो कुस्तीत हात जमिनीला लागला की हार आणि पाय रिंगणाबाहेर गेला तरी हार. हेवीवेटच्या पहिल्याच लढतीत मी हरलो. लगेच कॅमेरा पुढे आला आणि मी बोलून गेलो, "वडिलांनी तालमीत शिकवलंय, तोल गेला की हात टेक, पाठ वाचव. तीच सवय नडली."

तो व्हिडिओ कोपरखैरण्यात सगळ्यांनी बघितला. काल तुमचा फोन आला. एवढंच म्हणालात, "माझंच चुकलं बाळा. तुला मातीतलंच शिकवत बसलो." मी नुसतं हं केलं.

आप्पा, हात टेकायच्या आधीच माझी टाच बाहेर गेली होती. व्हिडिओत ती दिसत नाही, पण मला तिथेच कळलं होतं. समोरच्याने मला सरळ ढकलत नेलं. मी कमी पडलो. हात टेकला तो हरल्यावर, आणि तो टेकला म्हणून एवढ्या वजनाचा मी पाठीवर आदळलो नाही. तुमच्या शिकवणीने मला वाचवलं आणि मी तिच्यावरच खापर फोडलं.

रविवारी घरी येतोय. दार उघडलंत की काही बोलू नका. आधी मला बोलू द्या.

तुमचा,
शिवतेज