डोंग्यात देव होता

बाबा, पूर आला तेव्हा देवळातली पितळेची मूर्ती पंच्यात गुंडाळून तुम्ही माझ्या मांडीवर ठेवली होती. ती किती गार होती हे मला अजून आठवतं. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मी नोकरीतून सुटले, गुडघे दुखतात, आणि तरी मांडीवर कोणी मूल आणून ठेवलं की पहिल्या क्षणाला तो गारवाच आठवतो. आज सकाळी पेपरात प्राणहितेला पाणी चढल्याची बातमी वाचली आणि वाटलं, तुमच्याशी बोलून घ्यावं. माफ करायला नाही. मला कोणी माफ करायला सांगितलं की मी चहा टाकायला उठते.

गावात तुमच्याइतकी सुंदर पोथी कोणी सांगत नव्हतं, हे मी नाकारणार नाही. श्रावणात देवळाच्या ओट्यावर तुम्ही बसायचात आणि जलप्रलयाची कथा लावायचात. राजाच्या ओंजळीत आलेला मासा, आधी गडव्यात, मग विहिरीत, मग नदीतही न मावणारा. मासा राजाला सांगतो, पाणी येईल, नाव बांध, सगळं बी-बियाणं घे, ऋषी घे. लोक हात जोडून ऐकत. मायजवळ दुसरी गोष्ट होती. तेंदूपत्ता तोडायला तिच्याबरोबर एक गोंड बाई असायची, तिच्याकडून ती ऐकलेली. सगळी धरती बुडते, आणि एका पोकळ भोपळ्यात बसलेले दोन भाऊबहीण तेवढे वाचतात, मग त्यांच्यासाठी पाखरं आणि खेकडे चिखल शोधून आणतात. मला ती जास्त आवडायची. तुम्ही म्हणायचात, "हे जंगलातलं हाय, पोथीतलं नाई." माय हसून भाकरी थापत राहायची.

ते ऐंशीचं दशक. खाली सिरोंच्याकडे गोदावरी तुंबली की आपली प्राणहिता उलटी चढते, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं, पण त्या श्रावणात ती इतकी चढेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पाणी आवाज करत आलं नाही. धानाच्या बांध्या भरल्या, मग वाटा, मग अंगण. माय त्या दिवशी बाहेर बसलेली होती, म्हणून गोठ्यातच होती, आणि पाणी वाढल्यावर गोठ्याच्या माळ्यावर चढली होती. मी डोंग्यात, त्या अरुंद लाकडी होडीत, बसले आहे. मूर्ती माझ्या मांडीवर, पोथी तुमच्या छातीशी, पाटलांच्या घरची माणसं, भाताच्या बियाण्याची पोती. डोंगा ढिवरकाकांचा, पण कोण बसणार हे तुम्ही सांगता आहात, कारण गाव तुमचं ऐकतं. ढिवरकाका डोंगा गोठ्याजवळ घेतात आणि म्हणतात, "भाऊ, अजून एका मानसाची जागा हाय. बसू द्या वयनीले."

तुम्ही म्हणालात, "देव हाय डोंग्यात. तिले विटाळ हाय. तिले मांगून नेऊ."

माय माळ्यावरून वाकली. "मी टोकावर बसन. देवाले हात नाई लावन."

तुम्ही वर पाहिलंही नाहीत. ढिवरकाकांना म्हणालात, "चाल." डोंगा वळला तेव्हा माय ओरडली, "लवकर या जी. मले भेव लागून राह्यलं." मी मूर्ती घट्ट धरून बसले होते. मी बारा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, ती हातातून सुटली तर तुम्ही मलाही उतरवाल.

शाळेच्या टेकडीवर सगळ्यांना उतरवून डोंगा परत गेला तेव्हा गोठा नव्हता. पाणी उतरल्यावर माय बेशरमाच्या झुडपांत अडकलेली सापडली. तुम्ही रडलात, तेही मी पाहिलं. रडून थांबला असतात तर कदाचित मीही कधीतरी थांबले असते.

पण पुढच्या श्रावणात तुम्ही तीच कथा लावली आणि मासा नावेला ओढू लागतो तिथे पोथी मिटून म्हणालात, "माह्या घरची लक्ष्मी मले म्हने, धनी, मले राहू द्या, आधी देवाले न्या." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हाताऱ्यांनी तुमच्या पायाला हात लावला. मग शेजारच्या गावांतून बोलावणी यायला लागली, बैलगाड्या यायला लागल्या. वर्गणी काढून देवळाच्या भिंतीवर चित्र काढून घेतलं, शिंगवाला मासा, नाव, आणि नावेत फेटा बांधलेला, हातात पोथी धरलेला माणूस. तो तुमच्यासारखा दिसत होता. नावेत बाई एकही नव्हती. मायला तुम्ही दोनदा बुडवलं, बाबा. एकदा पाण्यात आणि एकदा त्या वाक्यात. भीती वाटते म्हणणारी जिवंत बाई तुम्ही पुसून टाकली आणि तिच्या जागी ती सती उभी केली.

मी दहावीत गेले तोवर गप्प राहिले. तो श्रावण मी कसा काढला ते तुम्हाला कधी कळलं नाही. आपली पाळी नेमकी तुमच्या प्रलयाच्या दिवशी यावी म्हणून मी वाट पाहत होते. पोरी असल्या दिवसांना कंटाळतात, मी आस लावून बसले होते. आणि आली. संध्याकाळी मी नव्याने बांधलेल्या गोठ्यातून उठले, गर्दीच्या मागे जाऊन उभी राहिले, आणि तुम्ही "धनी, मले राहू द्या" म्हणालात तेव्हा बायकांमधून वाट काढत ओट्यावर चढले.

"काऊन आली इथी? खाली उतर," तुम्ही हळूच म्हणालात.

मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, मले आज विटाळ हाय." आणि पोथीशेजारी पाटावर मांडलेल्या मूर्तीवर हात ठेवला. मग मी सांगितलं. माय काय म्हणाली होती, टोकावर बसते म्हणाली होती, भेव लागते म्हणाली होती, आणि जागा होती. मागून ढिवरकाका उठले आणि म्हणाले, "पोरगी खरं सांगून राह्यली. म्या आयकलं होतं." तुम्ही पोथी फडक्यात बांधली. गाठ बसत नव्हती. ते पाहून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात, दुसरा शब्द मी शोधला नाही.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी गोमूत्र शिंपडून देऊळ शुद्ध केलं. मला गावात स्थळ येईना. पण तुम्हालाही पुन्हा कोणी प्रलय सांगायला बोलावलं नाही. मी चंद्रपूरला नर्सिंगला गेले. तिथे होस्टेलवर एक ख्रिस्ती सिस्टर होती, तिने मला त्यांच्यातली गोष्ट सांगितली, म्हातारा, त्याची मोठी नाव, जोडीजोडीने चढणारी जनावरं. मी पहिलं विचारलं, "त्याची बायको होती का नावेत?" ती म्हणाली, "होती, सुनाही होत्या." त्या रात्री मला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला. पुढे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला मी त्यांच्यातला पूर विचारत गेले, तेलुगू बोलणाऱ्या पेशंटांना, आश्रमशाळेतल्या पोरींना. पूर सगळ्यांकडे आहे. आणि सगळीकडे गोष्ट सांगतो तो वाचलेलाच. बाहेर राहिलेल्यांना पापी ठरवलं की वाचलेल्याला झोप लागत असणार.

तुम्ही एकदा माझ्या क्वार्टरवर आला होतात, नवे तांदूळ घेऊन. खूप वाळला होतात. दारातच म्हणालात, "तुही माय मले माफ करन का वं?" मी म्हणाले, "तिलेच विचारा." तांदूळ ठेवून घेतले, तुम्हाला पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हा मी ड्यूटी बदलून घेतली नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि असती तरी टाकलं नसतं. फक्त एक सांगते. माझी नात झोपताना पुराची गोष्ट मागते. मी तिला सांगते की डोंगा गोठ्याजवळ आला, माझी माय उतरून माझ्या शेजारी बसली, आणि जागा नव्हती म्हणून तुम्ही माळ्यावर राहिलात. ती विचारते, "मग ते बुडाले?" मी हो म्हणते, आणि तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते.